मैलाचा दगड आणि मोटारीतील काटा

हिवरे बाजार हे आमचे गाव नगर शहराच्या पश्चिमेस सुमारे १७ किलोमीटरांवर आहे, असे आपण सहज बोलून जातो. हे १७ मोजले कोणी आणि कशाने, असे मात्र कोणी विचारीत नाही. मैलांच्या हिशेबाने तेच अंतर साडेदहा मैल होते आणि दोन मैलांचा कोस धरला तर पाच कोसांहून थोडे अधिक भरते. गाव जागचे हलले नाही, नगरही हलले नाही; आकडे मात्र तीन झाले. मोटारीत बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. त्याच्या डोळ्यांसमोर एक तबकडी असते, तिच्यावर एक काटा थरथरत असतो, आणि तो काटा जे सांगेल ते खरे मानून हा गृहस्थ आपला व मागे बसलेल्या मंडळींचा जीव रस्त्यावर घालतो. जुन्या मोटारीतील काटा पुष्कळदा खोटे सांगतो. तो खोटे का सांगू लागतो आणि त्याला खऱ्यावर आणण्याची रीत कोणती, हे आज श्रोत्यांना सांगावयाचे आहे; पण त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर काढण्याची कल्पना फार जुनी आहे. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात अशा एका रथाचे वर्णन केले आहे. त्याच्या चाकाच्या ४०० फेऱ्या झाल्या की ५००० रोमन फूट, म्हणजे एक रोमन मैल पुरा होई आणि दातेरी चाकांच्या योजनेने एक खडा खालच्या भांड्यात टपकन पडे. मुक्कामी पोहोचल्यावर खडे मोजावयाचे. आपल्याकडे कंपनी सरकारच्या मोजणीदारांनी सडका मोजल्या त्याही अशाच एका चाकाने. दांडीला लावलेले ते चाक खलाशी ढकलीत नेई व त्यावरील तबकडी फेऱ्या मोजी. त्याला ते लोक पेरॅम्ब्युलेटर म्हणत. या चाकाचा एक दोष त्यांना ठाऊक होता. खाचखळग्यांतून आणि चढउतारांवरून गेलेले चाक सरळ अंतरापेक्षा अधिक अंतर सांगते. म्हणून महत्त्वाच्या रेषा ते साखळीने मोजीत आणि चाकाचा आकडा साखळीच्या आकड्याशी ताडून पाहत. चाक मोजते ते आपल्या फेऱ्या. रस्ता किती झाला हे आपण त्यावरून अनुमानितो. पुढील सगळी हकीकत या एका वाक्यात सामावलेली आहे.

पक्क्या सडका झाल्या तसे त्यांच्या कडेला मैलाचे दगड उभे राहिले आणि दोन मैलांच्या दरम्यान फर्लांगाचे सात लहान दगड. आठ फर्लांगांचा मैल. १ जून १९४८ रोजी सरकारी एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून नगरला आली ती याच दगडांच्या साक्षीने. पाऊणशे मैलांचा तो रस्ता. उतारूला तेव्हा वेगाचे कौतुक असले तरी त्याच्या खिशाला वेगाशी कर्तव्य नसे, अंतराशी असे.

वेगाची काळजी निर्माण केली ती मोटारीने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या कायद्याने. १८९८ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या. इकडे इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली. झाले! शिपाई म्हणे तुम्ही पंचवीसने जात होता, मोटारवाला म्हणे अठराने. शिपायाच्या हाती निदान घड्याळ तरी होते. मोटारवाल्याजवळ काय होते? अशा काळात वेग दाखविणारे यंत्र लोकांना हवेसे वाटू लागले, यात नवल नाही. अनेकांनी अनेक रचना केल्या. त्यांत टिकली ती स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे याची. तिचे पेटंट त्याने १९०२ साली घेतले. त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जगातील बहुतेक मोटारींच्या तबकडीमागे तीच युक्ती होती. आपल्याकडील अॅम्बॅसडर व फियाट या गाड्यांतही तीच.

ही युक्ती समजून घेण्याजोगी आहे. गिअरबॉक्समधून एक लवचीक केबल निघते. चाके फिरतात तशी ती आपल्या नळीत फिरत असते. तबकडीमागे तिच्या टोकाला एक लहानसा लोहचुंबक बसविलेला असतो. चुंबकाभोवती अॅल्युमिनिअमची एक वाटी असते. ती चुंबकाला कोठेही शिकत नाही. अॅल्युमिनिअमला चुंबक ओढीत नाही, हे शाळेतील मुलालाही माहीत असते. पण चुंबक फिरू लागला की वाटीच्या धातूत विजेचे भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांच्यामुळे वाटी चुंबकाच्या मागोमाग ओढली जाते. तिला पुरती फिरू न देण्यासाठी एक केसासारखी बारीक स्प्रिंग लावलेली असते. चुंबक जितका वेगाने फिरेल तितकी ओढ अधिक; ओढ अधिक तितकी स्प्रिंग अधिक पिळली जाणार; आणि वाटीच्या आसाला चिकटविलेला काटा तितकाच पुढे सरकणार. कोठेही स्पर्श नाही, आणि तरी चुंबकाची ओढ वाटीला जाणवते.

त्याच तबकडीवर एका लहान खिडकीत अंतराचे आकडे फिरत असतात. पुष्कळांची समजूत अशी की, काटा व आकडे ही एकाच यंत्राची दोन तोंडे आहेत. एक चुकले तर दुसरेही तितकेच चुकणार. ही समजूत बरोबर नाही. आकडे चालतात ते निव्वळ दातेरी चाकांवर. तेथे चुंबकही नाही आणि स्प्रिंगही नाही. दात मोडला नाही तर ते केबलच्या फेऱ्यांचा हिशेब अचूक ठेवतात. म्हणून आकड्यांत चूक दिसली तर ती तबकडीबाहेरची, म्हणजे टायरची अथवा गिअरच्या प्रमाणाची असली पाहिजे. काट्यात मात्र दोन्ही चुका असू शकतात: बाहेरची आणि त्याची स्वतःची. हा भेद ज्याने ओळखला त्याचे निम्मे काम झाले.

काट्याची स्वतःची चूक कशी होते? काळाने चुंबक क्षीण झाला तर ओढ कमी पडते व काटा कमी दाखवितो. स्प्रिंग थकली तर तो अधिक दाखवितो. कोणी उत्साही माणसाने केबलला वाजवीपेक्षा फाजील ग्रीस लावले तर ते पीळ चढत चढत वर जाते, वाटीपर्यंत पोहोचते आणि काटा चिकटून भलताच वर राहतो. केबलला कोठे मुरड पडली असेल तर काटा सरळ न चढता झोके घेतो. आमच्याकडील उन्हाळ्याचाही परिणाम होतो. तापलेल्या अॅल्युमिनिअमचा विद्युत्‌रोध वाढतो व ओढ मंदावते. चांगल्या यंत्रांत त्यासाठी एका विशिष्ट मिश्रधातूची पट्टी घातलेली असते, तिने हा फरक भरून निघतो.

बाहेरची चूक टायरची. कारखान्यात तबकडी बसविताना चाकाचा घेर अमुक, असे धरलेले असते. पुढे मालकाने मूळ मापापेक्षा लहान घेराचे टायर घातले की तेवढ्याच रस्त्यात चाकाच्या फेऱ्या अधिक होतात. काटा व आकडे दोन्ही अधिक सांगू लागतात. मोठ्या घेराचे घातले तर दोन्ही कमी सांगतात. झिजलेला टायरही थोडासा लहान झालेलाच असतो.

यांखेरीज आपल्या देशात एक तिसरीच चूक घडली, आणि ती कोणत्याही यंत्राची नव्हती. १९५६ साली संसदेने प्रमाणित वजनमापांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ला नाणी दशमान झाली, १ ऑक्टोबर १९५८ पासून वजने व मापे टप्प्याटप्प्याने बदलू लागली, आणि १९६० नंतरच्या दशकात सडकांवरील मैलांचे दगड जाऊन किलोमीटरांचे दगड आले. फर्लांगांच्या जागी दर २०० मीटरांचे दगड आले. शेर व मण यांची वाटेकरीण गृहिणी होती. तिने किलोग्रॅम आपलासा केला. दगड बदलणे सरकारच्या हातचे होते. पण ज्या मोटारी आधीच रस्त्यावर होत्या त्यांच्या तबकड्या कोण बदलणार? इंग्लंडातून आलेल्या मॉरिस, ऑस्टिन, हिलमन अशा गाड्यांचे काटे मैलच सांगत राहिले. रस्त्याकडेची पाटी म्हणे ५०, तबकडी म्हणे ५०, आणि गाडी प्रत्यक्षात धावत असे ताशी ८० किलोमीटरांनी. दोघेही खरे बोलत आणि मधला माणूस फसे. काही काळ लोकांनी एक तोडगा वापरला: पाच फर्लांग म्हणजे एक किलोमीटर. हा हिशेब हजारात सहा इतकाच चुकतो, आणि तोंडी हिशेबाला तो पुष्कळ झाला. तरीही तबकडीवर तांबड्या रंगाने किलोमीटरांच्या खुणा करून घेणारा मालक अधिक शहाणा म्हटला पाहिजे.

अशीच एक मॉरिस मायनर आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी आहे. तिचा काटा आम्ही दोघांनी तपासला. त्याची रीत सांगतो, कारण ती कोणालाही करता येण्यासारखी आहे.

प्रथम दगड. राष्ट्रीय महामार्गावरील किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गावरील हिरवा. कल्याणकडे जाणारा महामार्ग नगरहून पश्चिमेकडेच निघतो, तो आम्हांला सोयीचा. मात्र एकाच किलोमीटरवर विश्वासू नये. रस्ता रुंद करताना किंवा वळण सरळ करताना दगड उपटला जातो व कामगारांच्या सोयीने पुन्हा रोवला जातो. एखादा किलोमीटर पन्नास पावले आखूड निघाला तर आश्चर्य नको. दहा किलोमीटर घेतले की अशी चूक पातळ होते. शिवाय टायरांत हवा नेमकी भरावी आणि गाडी थोडी चालवून मगच मोजणी सुरू करावी. दहा किलोमीटर म्हणजे ६.२१ मैल. आमच्या मॉरिसच्या आकड्यांनी सांगितले ६.५. म्हणजे शेकडा साडेचारांहून थोडे अधिक. आकड्यांना चुंबक नसतो हे वर सांगितलेच आहे. तेव्हा ही सगळी चूक टायरची. चौकशी करता तसेच निघाले. मूळ मापाचे टायर मिळेनात, म्हणून गाडीला कमी उंचीचे घातलेले होते.

नंतर घड्याळ. भल्या पहाटे, रस्ता मोकळा असताना, काटा ताशी ४० मैलांवर स्थिर धरून दोन किलोमीटर जावयाचे. काटा खरा असता तर ११२ सेकंद लागावयास हवे होते. लागले १२४. म्हणजे खरा वेग ताशी ३६ मैल. मग काटा २० वर धरून एकच किलोमीटर गेलो, तेथेही १२४. म्हणजे खरा वेग १८. दोन्ही ठिकाणी चूक एकाच प्रमाणात, शेकडा दहा अकरांची. त्यातील साडेचार टायरची. उरलेली सुमारे सहा काट्याची स्वतःची, म्हणजे थकलेल्या स्प्रिंगची. गाडी हाकणाऱ्याने घड्याळाकडे पाहू नये, हे सांगावयास नको. ते काम शेजारी बसणाऱ्याचे.

येथे एका मिस्त्रीची कारागिरी सांगितलीच पाहिजे, कारण ती फार प्रचलित आहे. आमच्या ओळखीच्या एका गाडीचा काटाही असाच चाळिसाला चार अधिक दाखवी. मिस्त्रीने काच काढली, काटा उपटला आणि चार घरे मागे सरकवून परत दाबून बसविला. मालक खूश. चाळीसला काटा आता तंतोतंत खरा. पण वीसला काय झाले? तेथे मूळ चूक दोनाचीच होती. चार मागे सरकविल्यावर काटा अठराऐवजी सोळा सांगू लागला, म्हणजे खऱ्याहून कमी. आणि साठला मूळ चूक सहाची. तेथे दोनाची उरलीच. प्रमाणातील चूक वजाबाकीने जात नाही, हे आमच्या सहावीच्या वर्गातील अंकगणित आहे. यास्तव कोणताही काटा निदान दोन वेगांवर तपासल्याशिवाय दुरुस्त झाला असे मानू नये.

खरी दुरुस्ती दोन प्रकारची. जाणता कारागीर चुंबकाचे बळ कमी-अधिक करतो: आधी तो पुरा भारून घेतो, आणि मग काटा नेमक्या घरावर येईपर्यंत त्याचे बळ हळूहळू उतरवितो. ठराविक वेगाने फिरणारी एक मोटर समोर ठेवून हे काम मेजावरच होते. चुंबकाचे बळ उतरले की काटा सगळ्याच वेगांवर एकाच प्रमाणात खाली येतो. तेव्हा आमची चूक याच औषधाने जाणारी. दुसरा प्रकार केबल व तबकडी यांच्या दरम्यान एक लहान गिअरपेटी बसविण्याचा. तिने केबलच्या फेऱ्याच योग्य प्रमाणात बदलतात, म्हणून काटा व आकडे दोन्ही सुधारतात. त्यासाठी आधी केबलच्या फेऱ्या मोजाव्या लागतात. गाडी सपाट जागी बरोबर १० मीटर ढकलावी, केबलच्या उघड्या टोकाला कागदाचा बाण चिकटवून त्याच्या फेऱ्या मोजाव्यात व त्यांना १०० ने गुणावे. एका किलोमीटरच्या फेऱ्या मिळाल्या. पुष्कळ तबकड्यांवर तळाशी एक बारीक संख्या छापलेली असते. ती या यंत्राला दर मैलास वा दर किलोमीटरला किती फेऱ्या हव्यात हे सांगते. दोहोंचा भागाकार म्हणजेच गिअरचे प्रमाण.

आम्ही पहिला प्रकार पत्करला. गिअरपेटी महाग पडते, आणि उद्या मूळ मापाचे टायर मिळाले तर ती निरुपयोगी होईल. काटा टायरच्या चुकीसह खऱ्यावर आणून घेतला. त्याच वेळी तबकडीवर किलोमीटरांच्या तांबड्या खुणाही करविल्या. खऱ्यावर म्हणजे, किंचित अधिक दाखविण्याकडे कल ठेवून. तसा कल का ठेवावा, यालाही कारण आहे. आपल्याकडे १९१४ चा मोटार कायदा जाऊन १९३९ चा आला व तोही जाऊन १९८८ चा. त्याखालील १९८९ च्या नियमांत, ११७ व्या नियमाने वाहनात वेग दाखविणारे यंत्र चालकास दिसेल असे असलेच पाहिजे. पुष्कळ देशांनी मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमाप्रमाणे काट्याने खऱ्यापेक्षा कमी कधीही सांगू नये. अधिक सांगितले तर खऱ्या वेगाचा दहावा भाग व वर ४ किलोमीटर येथपर्यंत सूट आहे. म्हणजे गाडी ६० ने जात असता काट्याने ७० दाखविले तरी चालेल, ५९ दाखविले तर चालणार नाही. नव्या गाड्यांचे काटे थोडे पुढे धावतात ते म्हणूनच. अशा चाचण्या करणाऱ्या देशातील प्रमुख संस्थांपैकी व्ही.आर.डी.ई. ही संस्था आमच्या नगरलगतच आहे, आणि ए.आर.ए.आय. पुण्यास.

हा नियम एकतर्फी आहे, आणि तो तसाच असावयास हवा. अधिक दाखविणाऱ्या काट्याने माणूस थोडा उशिरा पोहोचतो. कमी दाखविणारा काटा ५० म्हणत असता गाडी ५५ ने जात असेल, तर ब्रेक लावल्यावर ती थांबेपर्यंत लागणारे अंतर शेकडा दहाने नव्हे, एकवीसने वाढते. कारण ते अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत जाते. शाळेसमोरच्या वळणावर या एकवीस टक्क्यांत एक मूल मावते.

आमच्या गावकऱ्यांना हे समजावून सांगताना फार श्रम पडले नाहीत. हिवरे बाजार हा अवर्षणाचा मुलूख. वर्षाकाठी ४०० मिलिमीटरांच्या आसपासच पाऊस, तोही बेभरवशाचा. गावात पर्जन्यमापके आहेत, आणि पाऊस किती पडला व जमिनीत किती मुरला याचा ताळेबंद मांडून त्यावर पिके ठरविण्याची येथे रीत आहे. पर्जन्यमापकाचे तोंड चेपले तर भांडे दिसावयास धडधाकट दिसते, पाणीही साठते, पण आकडा खोटा येतो आणि त्या आकड्यावर पेरणी केलेला शेतकरी फसतो. एका वृद्ध शेतकऱ्याने सगळे ऐकून घेतल्यावर विचारले, “म्हणजे गुरुजी, टायर हे तुमच्या काट्याचं तोंड?” याहून चांगले उत्तर मला वर्गात क्वचितच मिळाले असेल.

अलीकडे कोणी म्हणेल की, हा सारा खटाटोप कशाला? खिशातील दूरध्वनी उपग्रहांवरून वेग सांगतो. सांगतो खरा, आणि सरळ रस्त्यावर, एकसारख्या वेगाने जाताना तो फार चांगला सांगतो. आमची पहाटेची मोजणी आम्ही त्याच्याशीही ताडून पाहिली व ती जुळली. मात्र वेग झपाट्याने बदलत असता तो एखादा क्षण मागे राहतो, आणि बोगद्यात तर त्याला आकाशच दिसत नाही. माळशेज घाट चढताना मी तरी समोरच्या काट्यावरच नजर ठेवणे पसंत करीन.

राहिले ते अंतराचे आकडे. ते आम्ही बदलले नाहीत. टायर लहान असेपर्यंत ते अधिकच सांगत राहणार, आणि आकडे मागे फिरविणे हा तर गाडी विकताना ग्राहकास फसविण्याचा धंदा आहे. कारागिराकडे तबकडी देण्यापूर्वी खिडकीतील आकडा व ती तारीख गाडीच्या वहीत लिहून ठेविली. त्याखाली मालकाने आपल्या हाताने एक ओळ लिहिली आहे: या टायरांवर खिडकीतील एक मैल म्हणजे रस्त्यावरील १.५४ किलोमीटर. टायर बदलले की ही ओळ खोडावयाची आणि पुन्हा पिवळ्या माथ्याच्या दगडांकडे जावयाचे.